इंटरनेट नसलेल्या फोनवरून समाजमाध्यमावर: एका मेसेजची वाट

गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि बहुधा त्याच सुमारास वीज व मोबाइलची सेवाही डळमळते. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडच्या कित्येक गावांत तर पूर नसतानाही रेंज शोधत एखाद्या उंचवट्यावर जावे लागते. तिथे फोनवर रेंजची एखादी कांडी दिसते, इंटरनेट उघडत नाही, बोलणे अर्ध्यात तुटते, पण साधा मेसेज मात्र निघून जातो. हा अनुभव आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत बहुतेकांच्या गाठीशी आहे. अशा साध्या मेसेजमधूनच आपला मजकूर थेट ट्विटरवर किंवा फेसबुकवर टाकण्याची सोय काही वर्षे होती, हे मात्र फार थोड्यांना आठवते. त्या फोनला इंटरनेट लागत नसे, स्मार्टफोन लागत नसे. बटणाचा साधा फोन आणि मेसेजपुरते पैसे असले, की भागत असे.

मेसेज का जातो, ते आधी पाहू. मोबाइलचा मनोरा आणि आपला फोन यांच्यात दोन प्रकारची देवाणघेवाण चालते. बोलण्यासाठी आणि इंटरनेटसाठी रुंद वाट राखलेली असते. तिच्यावर गर्दी झाली किंवा सिग्नल क्षीण झाला, की ती अडते. याखेरीज एक अरुंद वाट असते, जिच्यावरून फोन मनोऱ्याला आपला ठावठिकाणा कळवत राहतो आणि मनोरा फोनला कॉल आल्याची वर्दी देतो. या दुसऱ्या वाटेला सिग्नलिंग चॅनल म्हणतात. डांबरी रस्ता आणि शेताचा धुरा यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे: धुऱ्यावरून ट्रॅक्टर जाणार नाही, पण रस्ता तुंबला असताना माणूस धुऱ्याधुऱ्याने पलीकडे पोचतो. १९८०च्या दशकात युरोपातले अभियंते जीएसएम ही मोबाइल पद्धत आखत होते, तेव्हा ही अरुंद वाट बराच वेळ मोकळी पडलेली असते, हे त्यांनी हेरले आणि तिच्यावरून छोटा मजकूर पाठवण्याची युक्ती काढली. ४जी आल्यावर वाटांची रचना बदलली, तरी मेसेज आकाराने इवलासा असल्याने कमी रेंजमध्येही त्याचे काम होऊन जाते.

मेसेजचा दुसरा गुण म्हणजे त्याला धीर आहे. कॉल लागला नाही, तर तो तिथेच संपतो. मेसेज मात्र आधी कंपनीच्या मेसेज सेंटरकडे जाऊन थांबतो आणि समोरचा फोन चालू होईपर्यंत, ठरावीक मुदतीत, पुन्हा पुन्हा पोचवण्याचा प्रयत्न होतो. कापूस वेचायला गेलेल्या बाईचा फोन दिवसभर घरी बंद पडलेला असला, तरी संध्याकाळी तो चालू करताच सकाळचा निरोप येतो, तो याच व्यवस्थेमुळे.

आता मुख्य प्रश्न. मेसेज एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातो. समाजमाध्यम हे तर इंटरनेटवरचे पान, मग मेसेज तिथे कसा पोचणार? याचे उत्तर गावच्या दवंडीत सापडते. गावाला काही कळवायचे असले, की आपण स्वतः गल्लोगल्ली ओरडत फिरत नसू. चिठ्ठी कोतवालाच्या हाती देत असू आणि कोतवाल ती चावडीपासून वेशीपर्यंत वाचून दाखवत असे. मेसेजने पोस्ट टाकण्याची पद्धतही अशीच होती. समाजमाध्यमाच्या कंपनीने एक क्रमांक घेतलेला असे आणि त्या क्रमांकावर माणूस नव्हे, तर एक संगणक बसलेला असे. आपला मेसेज आला, की तो संगणक पाठवणाऱ्याचा क्रमांक पाही, तो क्रमांक कोणत्या खात्याला जोडलेला आहे ते नोंदीत शोधी, आणि मेसेजमधला मजकूर उचलून त्या खात्याच्या नावाने इंटरनेटवर मांडी. फोनचा संबंध फक्त अरुंद वाटेशी. इंटरनेटचे सगळे काम पलीकडचा संगणक करी.

हे क्रमांक दोन प्रकारचे असत. पाच-सहा आकड्यांच्या क्रमांकाला शॉर्टकोड म्हणतात आणि त्यासाठी प्रत्येक मोबाइल कंपनीशी वेगळा करार करावा लागतो. त्यामुळे एका कंपनीच्या ग्राहकाला लागू असलेला शॉर्टकोड दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला चालेलच असे नाही. दुसरा प्रकार म्हणजे आपल्यासारखाच दहा आकडी क्रमांक, ज्याला लाँगकोड म्हणतात. तो कोणत्याही सिमवरून चालतो. ट्विटर २००६ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते मुळात मेसेजवरच बेतलेले होते आणि अमेरिकेत त्याचा शॉर्टकोड ४०४०४ होता. भारतात ऑक्टोबर २००९ मध्ये ट्विटरने एअरटेलशी करार केला आणि एअरटेलच्या ग्राहकांना ५३००० या क्रमांकावर मेसेज पाठवून ट्विट करता येऊ लागले; इतर कंपन्यांच्या ग्राहकांसाठी पुढे दहा आकडी क्रमांक आला. मात्र ट्विटरची ही सोय भारतात येण्याआधीच आपल्याकडे या कल्पनेची ओळख झालेली होती. २००७ मध्ये सुरू झालेल्या एसएमएस गपशपवर एक मेसेज पाठवला, की तो आपल्या गटातल्या सगळ्यांच्या फोनवर पोचत असे. आणि २००८ मध्ये गुगलने भारतात एसएमएस चॅनल्स नावाची अशीच सेवा काढली होती. माझ्या मते ग्रामीण भागाला ट्विटरपेक्षा या दोन सेवाच अधिक जवळच्या होत्या, कारण त्यांत वाचणाराही बटणाच्या फोनवरच असे.

संगणकाशी बोलायचे, तर त्याची भाषा पाळावी लागते. मेसेजचा पहिला शब्द आज्ञेचा नसेल, तर सगळा मजकूर ट्विट म्हणून सर्वांना दिसे. पहिला शब्द 'फॉलो' असेल, तर पुढे लिहिलेल्या माणसाची ट्विट आपल्या फोनवर यायला लागत. 'ऑफ' लिहिले, की ती थांबत. 'डी' हे एक रोमन अक्षर लिहून पुढे एखाद्याचे नाव लिहिले, तर तो निरोप फक्त त्यालाच खासगीत जाई. या एका अक्षराने पुष्कळांची फजिती केली आहे. 'डी' लिहायचे राहिले, की घरातला निरोप थेट चव्हाट्यावर येई.

ही सगळी खटपट बारा बटणांवर करायची असे. 'नागपूर' हे नाव रोमन लिपीत लिहायचे, तर सहाचे बटण दोनदा, दोनचे एकदा, चारचे एकदा, सातचे एकदा, आठचे दोनदा आणि पुन्हा सातचे तीनदा, म्हणजे सहा अक्षरांसाठी दहा वेळा बोट दाबावे लागे. देवनागरीत लिहिण्याची सोय सगळ्याच फोनमध्ये नव्हती. काहींत ती होती, पण समोरच्याच्या फोनमध्ये नसेल, तर त्याला मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत.

आणि इथेच मराठी माणसाला न दिसणारा एक तोटा होता, ज्याचा हिशेब एकदा नीट मांडून पाहण्यासारखा आहे. एका मेसेजमध्ये मजकुरासाठी १४० बाइट, म्हणजेच ११२० बिट एवढीच जागा असते. जर्मन अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रँड यांनी १९८५ मध्ये टंकलेखन यंत्रावर निरनिराळी वाक्ये लिहून त्यांतली अक्षरे मोजली, आणि माणसाला जे सांगायचे असते ते बहुधा १६० अक्षरांच्या आत बसते, असा अंदाज बांधला. इंग्रजीसह युरोपीय भाषांसाठी आखलेल्या अक्षरसंचात प्रत्येक अक्षराला सात बिट पुरतात. ११२० ला सातने भागले, की १६० येतात. देवनागरीची अक्षरे त्या संचात नाहीत. ती युनिकोड या जगभरच्या लिपी सामावणाऱ्या अक्षरसंचात पाठवावी लागतात, जिथे प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात. ११२० ला सोळाने भागले, की उरतात ७०. एका मेसेजचे पैसे तेच, पण इंग्रजीला १६० आणि मराठीला ७०.

बरे, हे ७० म्हणजे आपण समजतो ती अक्षरेही नव्हेत. फोन काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजतो. 'क्षेत्र' हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण फोनच्या लेखी त्यात सात चिन्हे आहेत: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. 'यवतमाळ' सहांत भागते, पण 'चंद्रपूर' आणि 'गडचिरोली' यांना प्रत्येकी आठ लागतात. एक प्रत्यक्ष निरोप घेऊ: 'उद्या सकाळी नऊ वाजता ग्रामसभा आहे, सर्वांनी यावे. येताना सातबारा आणावा.' यातली चिन्हे, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून एकूण ७१ होतात. म्हणजे मर्यादेपेक्षा फक्त एक जास्त. पण त्या एकासाठी फोन मेसेजचे दोन तुकडे करतो, आणि तुकडे पलीकडे पुन्हा जोडता यावेत म्हणून प्रत्येक तुकड्यात थोडी जागा खुणेसाठी राखतो, त्यामुळे एका तुकड्यात ७० ऐवजी ६७ चिन्हेच बसतात. पहिल्या तुकड्यात ६७, दुसऱ्यात उरलेली चार, आणि पैसे दोन मेसेजचे. शेवटचा पूर्णविराम खोडला, की मजकूर बरोबर ७० होतो आणि एकाच मेसेजमध्ये जातो. पूर्णविराम एवढा महाग पडल्याचे उदाहरण छापखान्यातही सापडणार नाही.

ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादाही मेसेजवरूनच आली होती: १६० पैकी वीस अक्षरे पाठवणाऱ्याच्या नावासाठी राखली आणि उरलेली १४० मजकुराला दिली. हा हिशेब इंग्रजीपुरता चोख होता. देवनागरीत १४० चिन्हांचे पूर्ण ट्विट मेसेजने पाठवायचे, तर दोन तुकड्यांत १३४ च बसतात, म्हणजे शेवटच्या सहा चिन्हांसाठी तिसरा मेसेज लागे. मराठी मंडळी मेसेजमध्ये रोमन लिपीतून मराठी लिहायला लागली, त्याला अनेकजण आळस किंवा इंग्रजीचे वेड म्हणतात. माझ्या मते त्यात खिशाचा विचार अधिक होता. भारतीय भाषांना दीडशेच्या वर अक्षरे मिळावीत, यासाठी मेसेजच्या आंतरराष्ट्रीय मानकात हिंदीसह अनेक भारतीय भाषांचे वेगळे तक्ते पुढे घातले गेले, आणि हिंदीचा तक्ता देवनागरीचा असल्याने तो मराठीलाही उपयोगी पडला असता. पण रोजच्या वापरात आजही आपल्या फोनवर मोजणी सत्तरापासूनच सुरू होते.

खर्चाचे आणखीही अडथळे होते. दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला मेसेजचा पॅक लागू होत नसे, पूर्ण दर पडे. म्हणजे ज्या दिवशी लिहावेसे वाटे, नेमका तोच दिवस महाग. सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार सेवांच्या सरकारी नियामक संस्थेने, नको असलेल्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी एका सिमवरून दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली आणि त्याच वर्षी ती २०० केली. ऑगस्ट २०१२ मध्ये, पोळ्याच्या सुमारास, ईशान्येकडील लोकांविषयीच्या अफवा पसरू नयेत म्हणून सरकारने काही दिवसांसाठी दिवसाला पाचच मेसेजची अट घातली आणि नंतर ती वीसपर्यंत सैल केली. त्या काळात मेसेजने पोस्ट टाकणाऱ्याला सकाळी नातेवाइकांना दोन निरोप पाठवले, की जगासाठी तीनच उरत.

सेवा बंद पडण्याचे खरे कारण मात्र पैशात नव्हते, ते ओळखीत होते. कोतवालाला चिठ्ठी मिळते, तेव्हा ती देणारा माणूस त्याच्यासमोर उभा असतो. मेसेजच्या पलीकडच्या संगणकाला फक्त पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसतो; पासवर्ड तो विचारत नाही, कारण प्रत्येक मेसेजमध्ये पासवर्ड लिहायचा झाला, तर सोयच उरत नाही. म्हणजे क्रमांक हीच किल्ली. ही किल्ली दोन प्रकारे चोरता येते. काही इंटरनेट सेवांमधून मेसेज पाठवताना 'पाठवणारा' म्हणून भलताच क्रमांक लिहिता येतो. सरपंचाच्या नावाने दुसऱ्यानेच चिठ्ठी लिहावी, तसे. डिसेंबर २०१२ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने ही उणीव उघड केली. शॉर्टकोडवर हा डाव सहसा चालत नसे, कारण तिथे मेसेज मोबाइल कंपनीच्या आतल्या वाटेनेच येतो; दहा आकडी क्रमांक मात्र बाहेरून येणारे मेसेजही स्वीकारतो, म्हणून धोका तिथे अधिक. उपाय म्हणून मेसेजच्या सुरुवातीला चार आकडी पिन लिहिण्याची सोय होती, पण ती सक्तीची नव्हती, आणि सत्तरातली पाच चिन्हे त्यात जात.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे: क्रमांकच ताब्यात घेणे. ३० ऑगस्ट २०१९ रोजी ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्याच खात्यावर आक्षेपार्ह ट्विट झळकली. कुणी त्यांचा पासवर्ड फोडला नव्हता. मोबाइल कंपनीकडच्या त्रुटीचा फायदा घेऊन त्यांचा फोन क्रमांक मिळवला होता, आणि तेवढे पुरेसे होते. मेसेज पाठवला, ट्विट झाले. काही दिवसांतच, ४ सप्टेंबरला, ट्विटरने मेसेजवरून ट्विट करण्याची सोय थांबवली आणि एप्रिल २०२० मध्ये बहुतेक देशांतली आपली मेसेजसेवा गुंडाळली. प्रमुखाच्याच घरी चोरी झाल्यावर गल्लीतले मागचे दार बुजवले गेले, पण त्याच दाराने ये-जा करणाऱ्यांना कुणी विचारले नाही, ही माझी तक्रार आहे. २०१५ मध्ये याच कंपनीने मिस्ड कॉलवर चालणारी बंगळुरूची झिपडायल ही कंपनी विकत घेतली होती, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये 'ट्विटर संवाद' नावाने सरकारी खात्यांची ट्विट साध्या फोनवर मेसेजने देणे सुरू केले होते. म्हणजे बटणाच्या फोनवर वाचणारे लोक आहेत, याची तिला पुरती जाण होती.

आज काय उरले आहे? मोठ्या समाजमाध्यमांच्या बाबतीत भारतात मेसेजने पोस्ट टाकण्याची भरवशाची सोय नाही. जुने क्रमांक कुठे लिहून ठेवलेले असतील, तर त्यांवर मेसेज पाठवू नये. असा क्रमांक दुसऱ्या कुणाला दिलेला असू शकतो आणि आपला मजकूर त्याच्या हाती पडेल. आणि 'या क्रमांकावर अमुक शब्द पाठवा, तुमचे खाते सुरू होईल' असा निरोप आला, तर तो फसवणुकीचा धरावा, विशेषतः त्यात ओटीपी मागितलेला असेल तर.

गडचिरोलीच्या शेजारी छत्तीसगडात २०१० पासून चाललेली सीजीनेट स्वरा ही सेवा मात्र या कल्पनेचा अधिक शहाणा अवतार आहे. तिथे मजकूर लिहायचा नसतो, बोलायचा असतो. मिस्ड कॉल द्यायचा, पलीकडून फोन येतो, आपली बातमी आपल्या बोलीत ध्वनिमुद्रित करायची; मग माणसे ती ऐकून, पडताळून सर्वांसाठी खुली करतात. गोंडी बोलणाऱ्याला लिपीची अट नाही, सत्तर चिन्हांची चिंता नाही आणि पैसेही लागत नाहीत. शिवाय मध्ये माणूस असल्याने क्रमांकावरच्या आंधळ्या विश्वासाचा प्रश्न बराचसा सुटतो.

गावापुरती सोय हवी असेल, तर ती आपल्यालाही करता येते, आणि त्यासाठी कोणत्याही मोठ्या कंपनीची मर्जी लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी, जिथे इंटरनेट नीट चालते, तिथे एक जुना अँड्रॉइड फोन वेगळे सिम घालून कायम चार्जिंगला लावून ठेवायचा आणि त्यात येणारा मेसेज टेलिग्रामच्या वाहिनीवर आपोआप टाकणारे एखादे ॲप बसवायचे. पाड्यावरच्या माणसाने बटणाच्या फोनवरून त्या क्रमांकावर मेसेज केला, की तो वाहिनीवर दिसतो. हा फोन म्हणजे आपला स्वतःचा कोतवाल. अशी ॲप सगळे मेसेज वाचण्याची परवानगी मागतात, म्हणून त्या फोनवर बँकेचा किंवा आधारशी जोडलेला क्रमांक चुकूनही ठेवू नये. ठरलेल्या माणसांच्या क्रमांकांवरून आलेलेच मेसेज पुढे जातील, अशी गाळणी लावावी, आणि पुराची किंवा वाघाची बातमी असेल, तर पाठवणाऱ्याला एक फोन करून खात्री करूनच ती खुली करावी. उलट दिशेने, म्हणजे एकाच वेळी शेकडो जणांना मेसेज पाठवायचे असतील, तर ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार संस्थेची आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी करावी लागते. ते काम साध्या सिमवरून करायला गेल्यास सिम बंद होऊ शकते.

पाठवणाऱ्यानेही आपले सिम जिवंत ठेवावे लागते. रिचार्ज न करता बराच काळ ठेवलेला क्रमांक बंद होतो आणि काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो. मग गाळणीत नाव आपले आणि सिम परक्याचे, असा प्रकार होतो. म्हणून दर खरिपाच्या तोंडावर यादी एकदा तपासावी. आणि रोज सकाळी एका ठरलेल्या माणसाने एक शब्दाचा चाचणी मेसेज पाठवावा. तो वाहिनीवर उमटला नाही, तर ॲपला किंवा कंपनीला दोष देण्याआधी त्या जुन्या फोनचा चार्जर पाहावा. बहुतेक वेळा रात्री वीज गेलेली असते आणि कोतवाल झोपलेला असतो.